पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पुढे काय? तापीकाठच्या एका संशोधनाची वाटचाल

तापीकाठ

गेल्या महिनाभरात जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या चार-पाच विद्यार्थ्यांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. चालू आहे, पुढे पीएच.डी. करावी असे मनात आहे, परंतु संशोधन म्हणजे नेमके काय करायचे असते आणि त्यातून शिकवण्याची नोकरी मिळते का? प्रत्येकाला फोनवर अर्धवट उत्तर देऊन माझेच समाधान होत नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे. मी चोपडा तालुक्यातली. माझा शोधप्रबंध तापीच्या उत्तर काठावरील भूजलाच्या गुणवत्तेवर होता आणि सध्या मी एका ग्रामीण महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते.

सुरुवातीला मी एका मोठ्या शहरातील हवेच्या प्रदूषणावर संशोधन आराखडा तयार केला होता, कारण त्या विषयावर वाचायला भरपूर मिळत होते. मार्गदर्शकांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि त्या शहरात तुम्ही किती दिवस राहिला आहात, एवढेच विचारले. मी एकही दिवस राहिले नव्हते. त्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आई कळशी घेऊन गावातल्या जुन्या विहिरीवर निघाली होती. दारात बोअरचा नळ होता, पण त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि पातेल्याला पांढरा थर धरतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होते. विहीर आणि बोअर यांच्यात हाकेचे अंतर, तरीही पाणी इतके वेगळे का, हा प्रश्न पाच वर्षे विज्ञान शिकूनही मी कधी विचारला नव्हता. पुढच्या आठवड्यात मी जुना आराखडा बाजूला ठेवला.

उत्तराचा पहिला धागा भूगर्भात होता. खान्देशाचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला असला, तरी तापीच्या काठाने, विशेषतः चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांत, नदीने आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत. सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याशी दगडगोटे आणि जाडी वाळू टाकतात, त्या पट्ट्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात आणि तिथे पावसाचे पाणी भराभर जमिनीत मुरते. मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा जास्त झाल्यामुळे रावेर आणि यावल हे तालुके शासकीय भूजल मूल्यांकनात अतिशोषित ठरलेले आहेत, आणि पाणी खाली गेले की बोअर आणखी खोल जाते, हे केळी करणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आमची जुनी विहीर नाल्याकाठी होती, त्यामुळे तिला दर पावसाळ्यात नवे पाणी मिळत होते. बोअरचे पाणी मात्र चुनखडीच्या कंकरांनी भरलेल्या गाळात दीर्घकाळ राहून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येत होते. डाळ न शिजण्याचे कारण ते होते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती टाळता आली तर तुमचे एक वर्ष वाचेल. पहिल्या उन्हाळ्यात मी चाळीस विहिरी आणि बोअरचे नमुने घेतले. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरल्या. एकीत धातूंच्या तपासणीसाठी नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले, दुसरी तशीच ठेवली. कॅल्शियम आम्ल घातलेल्या बाटलीतून मोजले. बायकार्बोनेट मात्र साध्या बाटलीतून आणि तेही आठ-दहा दिवसांनी मोजले, कारण प्रयोगशाळेत माझी पाळी तेव्हा आली. पाण्यातील धनभारित आणि ऋणभारित आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या एककात, जवळजवळ सारखी यायला हवी, साधारण पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. माझ्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत धनभार कितीतरी जास्त येत होता. मी गणित तीन वेळा तपासले. शेवटी एक साधी बाटली उजेडासमोर धरली तेव्हा तिच्या तळाशी पिठासारखा पांढरा साका बसलेला दिसला. बाटलीतला कार्बन डायऑक्साइड निसटला होता, कॅल्शियम कार्बोनेट खाली बसले होते आणि त्याच्याबरोबर मला मोजायचे असलेले बायकार्बोनेटही गेले होते. मार्गदर्शकांनी त्या हंगामाचे आकडे प्रबंधात घेऊ दिले नाहीत. त्या रात्री मला फार वाईट वाटले, परंतु त्यांचा निर्णय योग्य होता आणि आज मी माझ्या विद्यार्थ्यांनाही तसेच सांगेन. पुढच्या वर्षी ब्युरेट आणि स्टँड पिशवीत घालून मी विहिरीच्या काठावरच अनुमापन केले, म्हणजे थेंबाथेंबाने आम्ल सोडून बायकार्बोनेट मोजले. सामू (पीएच), विद्युत वाहकता आणि तापमान जागेवरच नोंदवले, बोअर दहा मिनिटे चालवल्याशिवाय बाटली भरली नाही, प्रत्येक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, आणि नायट्रेटचे नमुने बर्फाच्या डब्यात ठेवून ४८ तासांच्या आत तपासले.

दुसऱ्या वर्षीचे आकडे जुळले आणि त्यांनी माझी एक समजूत मोडली. ज्या पाण्यात डाळ शिजते ते पाणी चांगले, असे आमच्याकडे सगळेच मानतात आणि मीही तेच मनात धरून निघाले होते. परंतु उथळ विहिरींचे पाणी मृदू, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेले, असले तरी त्यांच्यापैकी अनेकींमध्ये नायट्रेट भारतीय मानकाच्या, म्हणजे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या, मर्यादेपेक्षा अधिक निघाले. आमच्या गावच्या विहिरीतही तेच निघाले. शेतात टाकलेल्या युरियाचा जो भाग पिकाने उचलला नाही तो, आणि गोठ्यांतून व शोषखड्ड्यांतून झिरपणारे पाणी, हे दोन्ही आधी उथळ पाण्याला मिळते. चवीत, वासात, रंगात काहीही कळत नाही. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. मोठ्या माणसापेक्षा सहा महिन्यांच्या आतील बाळाला त्याचा धोका अधिक असतो, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होते.

नमुने घेताना एका आजींनी मला अहिराणीत विचारले होते, "माय, आमना पानीमा काय शे, ते आमले सांगशी ना?" मी हो म्हटले होते. प्रबंध विद्यापीठाला सादर करून ते 'हो' पूर्ण होत नव्हते. म्हणून प्रत्येक विहीरमालकासाठी मराठीत एक पानाचे पत्रक तयार केले: विहिरीचे ठिकाण, तारीख, पाच मोजमापे, त्यांच्यापुढे मर्यादा आणि खाली दोन ओळींत सल्ला. ही पत्रके वाटायला लागलेले नऊ दिवस कोणत्याही प्रगती अहवालात नोंदवता आले नाहीत. ज्या विहिरीवर गावाचा भरवसा आहे तिचे पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या बाळासाठी वापरू नका, हे स्वतःच्या आईला, काकूला आणि शेजारणींना समजावणे मौखिकीपेक्षा अवघड होते. आई दोन दिवस काही बोलली नाही. मग तिने स्वतःच शेजारच्या बाळंतिणीच्या घरी टाकीचे पाणी भरून दिले.

आता प्रवेश आणि नोकरीविषयी थोडक्यात. पीएच.डी.साठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा विद्यापीठाची पेट ही प्रवेश परीक्षा, मुलाखत, किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क, संशोधन मान्यता समितीपुढे सादरीकरण आणि दर सहामाहीला प्रगती अहवाल, असा क्रम असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान कालावधी तीन वर्षांचा आणि सर्वसाधारण कमाल कालावधी सहा वर्षांचा आहे. क्षेत्रकार्य ऋतूंवर अवलंबून असल्यामुळे मला पावणेपाच वर्षे लागली. आपल्या जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञानाची स्वतंत्र प्रशाला आहे, हे खान्देशातल्या कित्येक विद्यार्थ्यांना माहीतच नसते. पुण्या-मुंबईकडे पाहण्यापूर्वी तिथे जाऊन प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटा.

शंका जरूर विचाराव्यात. शक्य तेवढी उत्तरे देईन.

शहादेकर

ताई, लेख दोनदा वाचला. मी पावरा समाजातला आहे, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला पाण्यापेक्षा जंगलातल्या पक्ष्यांचा अभ्यास करायची ओढ आहे. आमच्या वर्गात सगळे म्हणतात की पक्ष्यांवर काम करायचे तर मोठ्या संस्थेतच जावे लागते. नेट आणि शिष्यवृत्तीविषयीही कृपया लिहावे.

तापीकाठ

शहादेकर, तुमच्या तालुक्याचे नाव जगभरातल्या पक्षीअभ्यासकांना ठाऊक आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडाच्या कुळातला पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडला नव्हता आणि तो नामशेष झाला असावा असे मानले जात होते. मधल्या काळातला १९१४ चा एक नमुना संग्रहालयात होता, पण तो चोरलेला जुना नमुना असून त्याची नोंद खोटी होती, हे पामेला रासमुसेन यांच्या तपासात सिद्ध झाले. ती खोटी नोंद बाजूला सारून त्यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या जंगलात भर दिवसा तो पक्षी दिसला. एकशेतेरा वर्षांनी. तो तोरणमाळच्या परिसरातही आहे. त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात आणि तो दिवसा हिंडतो, म्हणजे जंगलात रोज जाणाऱ्या माणसाला तो दिसण्याची शक्यता दूरच्या पाहुण्यापेक्षा जास्त असते. तुम्हाला पावरी येते, हे तुमचे मोठे बळ आहे. जंगलाविषयी गावातली म्हातारी माणसे जे सांगतील ते दुभाष्यामार्फत ऐकणे आणि त्यांच्याच भाषेत ऐकणे यांत फार अंतर आहे. फक्त एक लक्षात ठेवा: वनक्षेत्रात अभ्यास करण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज आराखड्याबरोबरच करावा.

नेटमध्ये पर्यावरणशास्त्राचा विषय क्रमांक ८९ आहे. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. जून २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो, केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरणारा तिसरा गट नव्याने आला आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये मिळतात आणि पुढे ४२,०००. त्याखेरीज अनुसूचित जमातीच्या संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, आणि इतर प्रवर्गांतील विद्यार्थ्यांनी बार्टी, सारथी व महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिराती पाहत राहाव्यात. जात वैधता प्रमाणपत्र आजच काढून ठेवा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात त्यासाठी धावपळ करणारी मुले मी दरवर्षी पाहते.

केळीबाग, रावेर

ताई, आपल्या कामाविषयी आदर आहे. तरी एक शेतकरी म्हणून स्पष्ट विचारतो. आमच्याकडे पाण्याचे नमुने नेणारे पुष्कळ येतात, पुन्हा कोणी दिसत नाही. पाण्यात नायट्रेट आहे हे कळून शेतकऱ्याच्या हाती काय येते?

तापीकाठ

दादा, आपली तक्रार खरी आहे आणि तिच्यामुळेच मी ती पत्रके वाटली. आपल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. अशा एक लाख लिटर पाण्याबरोबर एक किलो नत्र शेतात जाते आणि एक किलो नत्र म्हणजे जवळजवळ सव्वादोन किलो युरिया. दीड बाय दीड मीटरवर लागवड असेल तर एकरी सुमारे १,८०० झाडे बसतात. झाडामागे दिवसाला १५ लिटर पाणी धरले तर चार दिवसांत एक लाख लिटरांहून अधिक पाणी जाते. म्हणजे ठिबकमधून आपण विद्राव्य खत सोडतो तेव्हा विहीरही स्वतःचे खत त्यात घालत असते आणि त्याचा हिशोब कोणी धरत नाही. पाण्याचा अहवाल हाती असेल तर तेवढे नत्र मात्रेतून कमी करता येते. किती कमी करायचे ते माती परीक्षण आणि पिकाची अवस्था पाहून कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने ठरवावे. खर्च वाचतो आणि पुढच्या वर्षी तेवढेच कमी नायट्रेट विहिरीत उतरते. अहवाल वाचताना मात्र आकडा 'नायट्रेट' म्हणून दिला आहे की 'नायट्रेट-नत्र' म्हणून, हे तपासावे, कारण दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक आहे.

पांझराकाठ

मी धुळे जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालो. अध्यापनाची बाजू धाग्यात कमी आली आहे, म्हणून लिहितो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य झाले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी अभ्यासक्रम आखला आणि त्यात क्षेत्रकार्यासाठी १०० पैकी २५ गुण ठेवले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा विषय ज्याचा तास मोकळा त्याच्याकडे जातो आणि विद्यार्थी बाजारातून आणलेला प्रकल्प उतरवून देतात. ज्यांनी स्वतः विहिरीकाठी उभे राहून मोजमाप केले आहे अशी माणसे या विषयाला मिळाली, तर ते २५ गुण सार्थकी लागतील.

संशोधनाच्या विषयांत मी एक भर घालतो. पांझरा नदीवर फड ही सिंचनाची पद्धत शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, पाणी वाटायला पाटकरी, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि पाट साफ करायला प्रत्येक घरातून माणूस. मोठी धरणे आली, विहिरी आणि पंप आले आणि ही व्यवस्था अनेक गावांत मोडली. कोणत्या बंधाऱ्यावर ती अजून चालते, कुठे का मोडली आणि तिथल्या विहिरींच्या पाणीपातळीवर काय परिणाम झाला, हे जलशास्त्र आणि समाजशास्त्र दोन्ही येणाऱ्या विद्यार्थ्याने पाहायला हवे. ज्यांनी पाटकरी म्हणून काम केले अशी माणसे आता थोडी उरली आहेत, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नये.

तापीकाठ

सर, हा विषय मी माझ्या दोन विद्यार्थिनींना सुचवणार आहे, आपली परवानगी गृहीत धरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या जुन्या नोंदी मागून घेतल्या तर पाटकऱ्यांच्या आठवणी त्यांच्याशी ताडून पाहता येतील.

वर्गाविषयी आपण लिहिले ते मी अनुभवते. गेल्या वर्षी वाणिज्य शाखेच्या मुलांना मी प्रकल्प म्हणून एकच काम दिले: घरात येणारे पाणी कुठून निघते, ते उगमापर्यंत चालत जाऊन नकाशा काढा. एका मुलाने आणलेल्या नकाशात पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचे गटार तीन ठिकाणी एकमेकांना ओलांडत होते, आणि तिसऱ्या ठिकाणी नळाला गळती होती. त्याने तो नकाशा ग्रामपंचायतीत नेऊन दिला आणि गळती दुरुस्त झाली. त्या मुलाला एकही रासायनिक सूत्र येत नाही.

एम.एस्सी. भाग दोन

ताई, एक वैयक्तिक प्रश्न. घरी म्हणतात की पाच वर्षे शिकूनही तासिका तत्त्वावरच काम मिळणार असेल तर बी.एड. करून शाळेत लाग. माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

तापीकाठ

घरच्यांची काळजी रास्त आहे आणि मी ती कमी करून सांगणार नाही. प्रबंध सादर केल्यानंतर तीन वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. जेवढे तास तेवढेच पैसे, ते पैसेही कधी चार-चार महिन्यांनी, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. एका ठिकाणी पुढच्या वर्षी तास मिळणार नाहीत, हे मला सत्र सुरू झाल्यावर कळले. जुलै २०२३ पासून साहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता आणि पीएच.डी. ऐच्छिक असा नियम आहे, त्यामुळे एम.एस्सी.च्या वर्षातच सेट-नेटला बसा, म्हणजे संशोधन चालू असताना हातात एक पात्रता राहील. अधिछात्रवृत्तीशिवाय पूर्ण वेळ पीएच.डी. सुरू करू नका, असे मी स्पष्ट सांगते. त्या तीन वर्षांत मला पाणी तपासणीच्या छोट्या कामांनी हात दिला; सामू-मापक, ब्युरेट आणि अचूक नोंदवही सांभाळणाऱ्या माणसाला प्रयोगशाळांत आणि पाणलोटाच्या प्रकल्पांत काम मिळते. बी.एड. करायचे असेल तर त्यातही कमीपणा नाही. शाळेतल्या मुलांना विहिरीवर नेणारी शिक्षिका मला महाविद्यालयात येणाऱ्या मुलांमध्ये लगेच ओळखू येते.

घरच्यांशी बोलण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष काम पाहून घ्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या पावसाच्या आधी, मी चोपडा तालुक्यातल्या त्याच विहिरींचे नमुने पुन्हा घेणार आहे. सकाळी सहाला निघतो आणि दुपारी बाराच्या आत परततो. शहादेकर, तुम्हीही या. डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली, वही आणि शाईच्या पेनाऐवजी शिसपेन्सिल आणा, कारण ओल्या हाताने शाई फुटते.

केळीबाग, रावेर

ताई, रावेरकडे येणार असाल तर माझी विहीर आणि बोअर दोन्ही यादीत घ्यावीत. बोअर तुम्ही येण्याच्या दहा मिनिटे आधी चालू करून ठेवतो.